पिस्तुलाचा उतारा

जमिनीचा उतारा तलाठ्याकडे मिळतो. पिस्तुलाचा, म्हणजे ते कुणाकडून कुणाकडे गेलं याचा, मिळत नाही. तो ठिकठिकाणचे कागद गोळा करून आपणच जोडायचा असतो, आणि आपल्या सीमाभागात हे कागद एका सरकारच्या दप्तरात कधीच नसतात. निपाणीजवळच्या एका घरातल्या वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी कंपनीच्या ०.३२ बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप) पिस्तुलाचा असा उतारा आम्ही जोडला. काम करणाऱ्यांत शस्त्रदुरुस्तीचे एक मिस्त्री, मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आणि परवान्यांची कागदपत्रं तयार करणारे आम्ही दोघे होतो. एकूण अकरा महिने लागले. त्यांतले चार महिने दोन चुकलेल्या आकड्यांपायी गेले.

कागद शोधण्याआधी पिस्तूल योग्य जागी ठेवावं लागतं. परवानाधारक वारला की घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर तो परवाना आपोआप चालत नाही, आणि पिस्तूल कपाटात राहिलं तर तो गुन्हा होतो, मग ते आजोबांचं असो की पणजोबांचं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायचं. स्वतः पिशवीत घालून नेऊ नये. आधी ठाण्यात कळवावं, ते सांगतील तसं न्यावं. जमा केलेलं परत मिळणार नाही या भीतीने लोक इथेच अडतात आणि मग वर्षानुवर्षं अडकतात. खरं तर जमा पावती हा उताऱ्याचा पहिला कागद. तिच्यावर कंपनी, बोअर, नंबर, मॅगझीन किती, काडतुसं किती, हे सगळं लिहून घ्यावं. ‘एक जुने पिस्तूल’ एवढंच लिहिलेली पावती पुढे काहीच कामाला येत नाही.

‘जुनं आहे, त्याला कसला परवाना?’ हा प्रश्न हमखास निघतो. कलम ४५ मधली सूट आहे ती दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा शस्त्रांना. हे पिस्तूल चालतं आणि त्याचं काडतूस आजही मिळतं, त्यामुळे वय कितीही असलं तरी परवाना लागतोच. बोअरही सुरुवातीलाच पाहून घ्यावा. वेब्ली म्हटलं की अनेकांच्या घरचं निघतं ते ०.४५५ किंवा ०.३८० चं रिव्हॉल्व्हर. ते बोअर निषिद्ध वर्गात मोडतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाकडून येतो, जिल्ह्यातून नाही. ०.३२ ला ती अडचण नाही.

पाहणी विक्रेत्याच्या दुकानातच केली, कारण पिस्तूल तिथेच जमा होतं. मॅगझीन काढणं, नळी रिकामी आहे हे पाहणं, ही कामं मिस्त्रींनी केली. घरच्या माणसांनी हे करू नये. या पिस्तुलाच्या उजव्या मुठीखाली व्ही आकाराची दणकट स्प्रिंग बसवलेली असते. माहिती नसताना मुठीचे स्क्रू सोडले की ती उसळते, आणि काळी व्हल्कनाइटची मूठ इतकी ठिसूळ झालेली असते की तिचा कोपरा तुटतोच. आम्ही मूठ काढलीच नाही, गरजही पडली नाही.

नंबर वाचण्यासाठी पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, लिंबू, चिंच यांतलं काहीही लावायचं नाही. हलकं तेल, मऊ सुती कापड, एवढंच. मग नंबरावर खडूची पूड बोटाने चोळायची आणि कापडाने वरवर पुसायची. खोलगट आकड्यांत पूड राहते आणि ते उठून दिसतात. टॉर्च समोरून न धरता अगदी आडवा, पृष्ठभागाला लागून धरायचा. ठसा हवा असेल तर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल फिरवायची. प्रत्येक आकडा दोघांनी वेगवेगळा वाचून, वेगळ्या कागदावर लिहून, मग ताडून पाहिला. तीन आणि आठ, सहा आणि आठ हे झिजलेल्या पोलादावर हटकून फसवतात. पेटंटचा नंबर, जोडणीचे बारके आकडे आणि शस्त्राचा खरा नंबर यांचीही गल्लत होते. नंबर घासून काढलेला दिसला तर तिथेच थांबायचं आणि पोलिसांना कळवायचं. ओळखीच्या खुणा घासणं कलम ८ प्रमाणे मना आहे, आणि असं शस्त्र ज्याच्याकडे सापडतं त्यानेच त्या घासल्या असं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. घासलेला नंबर उठवण्याचं काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं आहे, घरी ॲसिड लावण्याचं नाही.

नंबराइतक्याच बोलक्या असतात चाचणीच्या खुणा. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे शस्त्रांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत, १९०४ ते १९५४ या काळात मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी असे ठसे मारत. १९५४ नंतर मुकुटाखाली बीएनपी आलं. ०.३२ चं वेब्ली पिस्तूल १९४० पर्यंतच बनत होतं, म्हणून त्यावर बीएनपी दिसलं तर ते नंतर पुन्हा इंग्लंडच्या बाजारातून फिरून आलंय असं समजायचं. आमच्या पिस्तुलावर ते नव्हतं. सरकारी मालाची खूण म्हणजे बाणाचं टोक, भारत सरकारच्या मालावर त्याच्यासोबत इंग्रजी आय, आणि सरकारने विकून टाकलेल्या मालावर समोरासमोर टोकं आलेले दोन बाण. बाण एकच असेल आणि विक्रीची खूण नसेल, तर ते शस्त्र सरकारी साठ्यातून बाहेर आलं कसं याचं उत्तर शोधावं लागतं. आमच्या पिस्तुलावर बाण नव्हताच. म्हणजे ते पहिल्यापासून खासगी विक्रीतलं.

स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागावर, निर्मात्याच्या नावाबरोबर विक्रेत्याचं नावही कोरलेलं होतं: आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल. हे सापडलं तेव्हा अर्धं काम झालं असं वाटलं, आणि त्या टोकापुरतं ते खरंही ठरलं. ही लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांची सहकारी दुकानं. मुंबईतही त्यांची शाखा होती, काळा घोड्याजवळ. सी. एस. एल. म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड, आणि १९३४ मध्ये कंपनीचं नाव बदलून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स झालं. म्हणजे हा शिक्का १९३४ च्या आधीचा. दुसऱ्या बाजूने, वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड एवढं आटोपशीर नाव कंपनीने १९०६ पासून घेतलं, त्याआधी नावात रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स हे शब्द होते. फक्त दोन नावांवरून काळ २८ वर्षांत बसला. आर्मी अँड नेव्हीच्या बंदूक विक्रीच्या नोंदी ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. तिथे नंबर, दोन्ही बाजूंचे फोटो आणि ठशांचे जवळून घेतलेले फोटो पाठवले. कौटुंबिक इतिहास लिहून पाठवू नये, त्यांना नंबरच लागतो. उत्तरात १९२० नंतरच्या दशकातली विक्री आणि घेणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याचं नाव आलं. मग त्या वर्षांच्या छापील इंडियन आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या यादीत, तो कोणत्या पलटणीत होता ते पाहिलं. मराठा पलटणींचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि या अधिकाऱ्याची नेमणूक तिथलीच निघाली. पिस्तूल या भागात आलं कसं, ते इथे कळलं.

पिस्तूल कोल्ट या अमेरिकन कंपनीचं असेल तर मार्ग आणखी सोपा आहे. कंपनीचा स्वतःचा अभिलेख विभाग नंबरावरून कारखान्यातून माल कधी आणि कुठे पाठवला याचं पत्र पैसे भरून देतो. स्मिथ अँड वेसनचंही असंच पत्र मिळतं. बेल्जियमच्या ब्राउनिंगवर अंडाकृतीत ई एल जी हा लीएज शहराचा चाचणीचा ठसा शोधायचा, आणि १९१० च्या मॉडेलवर स्लाइड, नळी आणि सांगाडा या तिन्हींवरचा नंबर एकच आहे ना ते पाहायचं. नळी बदललेली असेल तर संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते आणि कागदातही घोळ होतो.

इकडच्या टोकाला परवान्याच्या पुस्तिका. सगळ्यात नवी नव्हे, सगळ्यात जुनी पुस्तिका आधी शोधा. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या कपाटात, वकिलाकडे दिलेल्या जमिनीच्या कागदांत ती मिळते. नाव-पत्त्याच्या पानापेक्षा मागची पानं महत्त्वाची. तिथे नूतनीकरणाचे शिक्के असतात, काडतूस खरेदीच्या नोंदी असतात, दुकानाचा शिक्का असतो, पूर्वीच्या धारकाकडून हस्तांतर झाल्याचा शेरा असतो. काडतूस खरेदीच्या एका शिक्क्यावरून आम्हाला बंद पडलेल्या एका दुकानाचं नाव कळलं आणि तिथून पिस्तूल कोणत्या साली कोल्हापूरकडून इकडे आलं याचा अंदाज आला.

आता सीमाभागाची खरी गुंतागुंत. निपाणी ब्रिटिश मुलखात, बेळगाव जिल्ह्यात. काही मैलांवर कोल्हापूर संस्थान. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं, त्या राज्याचं नाव १९७३ मध्ये कर्नाटक झालं. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. सांगली, मिरज, जमखंडी, रामदुर्ग ही संस्थानं त्याआधी १९४८ मध्ये. बिदरकडचं घर असेल तर निजामाचं दप्तर, आणि कारवार-खानापूरच्या बाजूने १९६१ पर्यंत पोर्तुगीज गोवा. म्हणून ‘हे कुणाच्या घरात होतं’ असं विचारत न बसता ‘या साली हे घर कोणत्या अंमलाखाली होतं’ असं विचारायचं. आम्ही आधी वर्षांची पट्टी आखली, तिच्यावर अंमल लिहिले, मग प्रत्येक अंमलाचं दप्तर आज कुठे आहे ते लिहिलं. संस्थानी काळासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार, मुंबई सरकारच्या वरच्या पातळीवरच्या कागदांसाठी मुंबईचं महाराष्ट्र राज्य अभिलेखागार, जिल्हा पातळीसाठी बेळगावचं डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. बेळगाव शहराच्या हद्दीतला परवाना असेल तर पोलीस आयुक्तालय झाल्यापासून तो विषय तिकडे गेला आहे, हे लक्षात न घेता लोक डीसी ऑफिसला खेटे घालत राहतात.

आणखी एक तुटक जागा १९६२ ची. १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याआधीचे परवाने १८७८ च्या कायद्याखालचे. मधे पुस्तिका बदलल्या, नमुने बदलले, नोंदी नव्या वहीत उतरवल्या गेल्या. नोंदी उतरवताना चुका होतात.

आमच्या नंबरात सहा आकडे. पहिला एक, चौथा चार. कोल्हापूरच्या बाजूच्या नोंदीत आकडे देवनागरीत होते. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा. इंग्रजी वहीत उतरवणाऱ्याने नऊ आणि आठ लिहिले. त्यापुढच्या कानडी नोंदीत तोच चुकीचा नंबर गेला. कानडीत वेगळाच धोका आहे: एक हा आकडा न मिटलेल्या शून्यासारखा असतो, शाई पसरली की एक की शून्य ते कळत नाही. आम्ही खरा नंबर घेऊन वही शोधत होतो आणि ‘नोंद नाही’ हेच उत्तर येत होतं. चूक उमगली ती हिशेबाने. वेब्लीच्या या पिस्तुलांचे नंबर नऊ लाखांच्या घरात कधी गेलेच नाहीत. नऊने सुरू होणारा वेब्लीचा नंबर वहीत दिसला तेव्हाच तो अशक्य आहे हे मिस्त्रींनी सांगितलं. तेव्हापासून आम्ही कोणत्याही दप्तरात जाण्याआधी नंबराची सगळी संभाव्य रूपं कागदावर मांडतो, आणि हे काम पहिल्या दिवशी करावं असं प्रत्येकाला सांगतो.

तसंच नावांचं. मराठी कागदात आडनाव शेवटी, कानडी कागदात बापाचं नाव आद्याक्षर होऊन पुढे, इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग. नाईक आणि नायक, कुलकर्णी आणि कुळकर्णी, चिकोडी आणि चिक्कोडी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात. गुरुजींनी वाचलेल्या नोंदीत ‘विलायती पिस्तूल, मूठ काळी’ असं होतं आणि वर्ष शक होतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषात जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या नोंदीला ७९. फसली, म्हणजे महसुली सन, असेल तर ५९०, आणि वर्षाच्या उत्तरार्धात एक जास्त. हे विसरलं की कागद एका वर्षाने घसरतो आणि विलीनीकरणाच्या आसपास एक वर्ष म्हणजे एक अख्खं सरकार.

जुन्या कायद्यातली एक बाब लक्षात ठेवावी. काही सरदार, किताबधारक अशांना परवान्यातून सूट असे. अशा घरात १९४७ च्या आधीचा परवाना सापडला नाही म्हणजे शस्त्र चोरीचं होतं असं नव्हे. तिथे परवाना न शोधता सूट मिळालेल्यांच्या याद्या शोधायच्या.

डीसी ऑफिसमधला अर्ज कानडीत करावा. भाषेचा प्रश्न आमच्याही जिव्हाळ्याचा आहे, पण इथे शोधायची ती अनुक्रमणिका कानडीत आहे, आणि अर्जातला शब्द वहीतल्या शब्दाशी जुळला तर काम लवकर होतं. माहिती अधिकारात जायचं तर कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘सर्व कागद द्या’ असं लिहू नये. ‘अमुक वर्षांच्या शस्त्र परवाना नोंदवहीतील अमुक गावाच्या पानाची प्रत’ असं लिहावं. अर्जांच्या फाइली मुदत संपली की नष्ट होतात, नोंदवह्या बऱ्याच टिकतात. म्हणून फाइल न मागता वही मागावी. त्रयस्थाची खासगी माहिती म्हणून नकार आला तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) दाखवावं: २० वर्षांपूर्वीच्या बाबींना ती हरकत लागू होत नाही. एका कचेरीतून आम्हाला आधी नकार आला, अपिलात प्रत मिळाली.

सगळ्यात कमी लेखला जाणारा कागद म्हणजे निवडणुकीची जमा पावती. आचारसंहितेच्या काळात परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायला लावतात. प्रत्येक वेळी तारीख, नाव आणि नंबर असलेली पावती तयार होते. या घरात अशा अकरा पावत्या निघाल्या, आणि १९७० नंतरची सगळी साखळी एकट्या त्यांच्यावर उभी राहिली. दोन पावत्यांवर ‘रिव्हॉल्व्हर’ लिहिलं आहे. ०.३२ बोअर म्हटलं की पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींना कारकून एकच शब्द वापरतात, म्हणून शब्दावर न जाता नंबर पाहावा.

घरची गोष्ट अशी होती की हे पिस्तूल क्रांतिकारकांच्या हातातून आलेलं आहे. अशी श्रद्धा या भागात पुष्कळ घरांत आहे आणि तिचा मान राखूनच ती तपासावी. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग होतं, लंडनहून आलेल्या २० ब्राउनिंगपैकी. १९१४ मध्ये कलकत्त्याच्या रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीचा माल क्रांतिकारकांनी पळवला तेव्हा त्यात ५० माउझर पिस्तुलं होती, आणि त्यांचे नंबर कंपनीकडे नोंदलेले असल्याने पुढे सापडलेलं प्रत्येक पिस्तूल ओळखता आलं. वेब्लीचं हे पिस्तूल दोन्हींत बसत नाही, आणि त्याची विक्री त्यानंतरची आहे. वारसांना हे सांगितलं, सोबत विक्रीच्या नोंदीचं पत्रही दाखवलं.

शेवटी फाइल लावताना कागदांची प्रतवारी केली. नाव आणि नंबर दोन्ही असलेला कागद पहिल्या प्रतीचा. फक्त नंबर असलेला दुसऱ्या. फक्त नाव आणि ‘पिस्तूल’ असलेला तिसऱ्या, तो एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. तोंडी माहिती सांगणाऱ्याच्या सहीने, तारखेसह, वेगळ्या पानावर. इंग्रज अधिकाऱ्याकडून संस्थानातल्या घराकडे विक्री नेमकी कधी झाली याचा पहिल्या प्रतीचा कागद नाही. फाइलमध्ये तिथे ‘दरम्यान’ असं लिहून दोन्ही बाजूंच्या ज्ञात तारखा दिल्या आहेत. अंदाजाने ती जागा भरायची नाही.

वारसाच्या अर्जासाठी हीच फाइल लागली. नाडकचेरीतून (कर्नाटकातली स्थानिक महसूल कचेरी) वंशावळ, इतर वारसांची ना-हरकत, मृत्यूचा दाखला, आणि सगळ्यांत आधी नंबर दुरुस्तीचा अर्ज, ज्याला विक्रेत्याचा पाहणी दाखला आणि ठशांचे फोटो जोडले. चुकीचा नंबर शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीत तसाच चढला तर कागदावर एक शस्त्र आणि हातात दुसरं अशी अवस्था होते, आणि त्याचं स्पष्टीकरण वारसाला द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, हे वारस ठरवताना पाहिलं. शंभर वर्षं ओलांडलेली पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे परदेशातल्या नातेवाइकाला आधीच कळवलं. दुरुस्तीचा आदेश आला, परवाना नव्या नावावर झाला, पिस्तूल विक्रेत्याकडून पावती देऊन सोडवलं. त्या पावतीवरचा नंबर काउंटरवरच उभं राहून, आकडा आकडा बोट ठेवून, पुन्हा वाचला.